मूत्राशयाचा प्लाझ्मासायटॉईड कॅन्सर: निदान आणि फैलाव याबद्दल माहिती हवी आहे

कृष्णाकाठ (२ जून, रात्री १०:४०)

नमस्कार. बाबांच्या आजाराबद्दल लिहितेय. थोडं लांबेल, पण ज्यांना यातलं कळतं त्यांनी पूर्ण वाचून सांगावं ही कळकळीची विनंती.

बाबा ६७ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत प्रोसेस हाऊसच्या रंगखात्यात उभी हयात गेली, विडीही होती. गेल्या दिवाळीनंतर त्यांना लघवी लालसर व्हायला लागली. दुखणं नाही, जळजळ नाही. जवळच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. रक्त थांबलं, परत आलं, परत गोळ्या. मग वयाप्रमाणे प्रोस्टेट असेल म्हणून त्याच्या गोळ्या. सोनोग्राफी व्हायला होळी उजाडली. त्यात लघवीच्या पिशवीची (मूत्राशयाची) भिंत उजव्या बाजूला जाड आणि उजव्या किडनीला सूज निघाली.

दुर्बीण घातली तेव्हा सर्जन म्हणाले की आत वाढलेली गाठ अशी नाही, भिंतच कडक झाली आहे. तिथलं खरवडून तपासायला पाठवलं. पहिला रिपोर्ट आला: सुट्या सुट्या, प्लाझ्मा पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी, सीडी १३८ पॉझिटिव्ह, प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरची शक्यता. म्हणजे मायलोमाच्या, बोन मॅरोतल्या कॅन्सरच्या, जातीतलं काहीतरी. आम्ही रक्ताच्या डॉक्टरांकडे गेलो. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, लाईट चेन, बोन मॅरो, सगळं नॉर्मल. त्या डॉक्टरांनीच सांगितलं की ब्लॉक (तपासलेला, जपून ठेवलेला तुकडा) दुसरीकडे दाखवून घ्या. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट: प्लाझ्मासायटॉईड युरोथेलियल कार्सिनोमा, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तराचाच कॅन्सर, स्नायूत शिरलेला.

छाती-पोटाच्या सीटीत दुसरीकडे कुठे काही नाही असं लिहिलंय. सर्जन पुढच्या आठवड्यात पिशवी काढायची म्हणतायत. भावाचं म्हणणं, वेळ घालवू नये. मला धीर होत नाहीये. दोनातला कुठला रिपोर्ट धरायचा? सीटी चांगला आहे म्हणजे पसरलेलं नाही असं धरायचं का?

रानवारा (२ जून, रात्री ११:१५)

ताई, आधी जेवून घ्या आणि झोपा. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे पहिल्या लॅबमधून ब्लॉक आणि सगळ्या स्लाईड्स ताब्यात घ्या. ब्लॉक रुग्णाचा असतो, मागितला की द्यावा लागतो. पावती सांभाळा. माझ्या सासऱ्यांना मूत्राशयाचा स्मॉल सेल कॅन्सर होता, तोही असाच दुर्मीळ. त्यांच्याही पहिल्या रिपोर्टमध्ये नुसतं 'हायग्रेड युरोथेलियल' होतं. नाव बदललं तशी औषधंही बदलली: आधी एटोपोसाईड आणि सिस्प्लॅटिन, शस्त्रक्रियेचा विचार नंतर, आणि मेंदूचा एमआरआय. रिपोर्टात नाव काय आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून सांगतोय.

स्लाईडखाली (३ जून, सकाळी ७:०५)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बाबांच्या स्लाईड्स मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

तुम्ही लिहिलेला क्रम वाचून मला दुसरा रिपोर्ट बरोबर असावा असं वाटतं. पहिल्या लॅबची गडबड कशी झाली तेही समजण्यासारखं आहे. या प्रकारातल्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. सुट्या पडतात, केंद्रक एका कडेला सरकलेलं असतं, आणि हुबेहूब प्लाझ्मा पेशी वाटतात. त्यात सीडी १३८ पॉझिटिव्ह आलं की मन मायलोमाकडे जातं. पण सीडी १३८ हे त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशींवरही असतं. ते एकटं पुरावा होत नाही. १९९१ साली या प्रकाराची अगदी सुरुवातीची जी वर्णनं छापून आली, त्यांतल्या एका रुग्णातही आधी मायलोमाच वाटला होता.

निवाडा पेशींवरच्या खुणा, म्हणजे मार्कर, तपासून होतो. केराटिन पॉझिटिव्ह, गाटा ३ पॉझिटिव्ह, सीके ७ आणि बहुधा सीके २० पॉझिटिव्ह असेल, आणि सीडी ४५, कॅप्पा, लॅम्डा निगेटिव्ह असतील, तर ती प्लाझ्मा पेशी नाही, मूत्राशयाच्या अस्तरातून आलेली पेशी आहे. शिवाय ई-कॅढेरिन पाहावं. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं हे प्रथिन या प्रकारात बहुतेक वेळा नाहीसं झालेलं असतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या गटाने दाखवलं की यातल्या ८४ टक्के गाठींत ई-कॅढेरिनचं जनुक, सीडीएच १, निकामी झालेलं असतं. आजाराचं वागणं तिथूनच ठरतं. पेशी सुट्या आहेत, म्हणून त्या गाठ न बांधता पापुद्र्यांमधून सरकत जातात. म्हणूनच दुर्बिणीतून गाठ न दिसता भिंत कडक दिसली.

अजून एक गोष्ट तुमच्या रिपोर्टमध्ये आहे का बघा. अशाच सुट्या पेशी जठराच्या सिग्नेट रिंग कॅन्सरमध्ये आणि स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये असतात, आणि ते क्वचित मूत्राशयात उतरतात. बाबांच्या बाबतीत जठराची एंडोस्कोपी झाली आहे का? नसेल तर विचारा. दहा-पंधरा मिनिटांची तपासणी आहे.

आणि पिशवी काढण्याआधी टाटाला किंवा तशाच मोठ्या केंद्रात ब्लॉक वाचून घ्या. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात एक ते तीन इतकाच आहे. लहान लॅबमध्ये एखाद्याच्या सबंध कारकिर्दीत असा एखाददुसराच येतो.

कृष्णाकाठ (३ जून, दुपारी १:३०)

स्लाईडखाली, तुमचे उपकार कसे मानू. दुसऱ्या रिपोर्टमध्ये गाटा ३ पॉझिटिव्ह, कॅप्पा-लॅम्डा निगेटिव्ह आहे. ई-कॅढेरिन केलेलंच नाही. एंडोस्कोपी झालेली नाही.

ब्लॉक आज घेऊन आले. इतके दिवस ब्लॉक ब्लॉक ऐकत होते, पाहिला नव्हता. फिक्कट पिवळ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणाची वडी, आणि त्यात तपकिरी रंगाचे चार-पाच कण. पेन्सिलीने नंबर लिहिलेला. एवढ्याशा कणांवर बाबांचं सगळं ठरणार. काऊंटरवरच्या माणसाने उन्हात ठेवू नका म्हणून दोनदा बजावलं.

क्षकिरण (३ जून, रात्री ९:२०)

रेडिओलॉजीत आहे. सीटीबद्दल लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही.

नेहमीचा मूत्राशयाचा कॅन्सर पसरतो तो आधी ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींत, मग फुप्फुस, यकृत, हाडं. तिथे गोल गोल गाठी होतात, त्या सीटीत दिसतात. हा प्रकार तसा वागेलच असं नाही. तो पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर जातो. मूत्रवाहिनीला बाहेरून लपेटून वर चढतो. गुदाशयाच्या भिंतीत शिरून तिला चारी बाजूंनी आवळतो. हे सगळं पातळ थराच्या रूपात असतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर सीटीत दिसत नाही. म्हणून 'सीटीत काही नाही' याचा अर्थ 'सीटीत दिसण्याइतकं काही नाही' एवढाच घ्या.

पेट सीटीलाही मर्यादा आहे. त्यासाठी शिरेतून दिलेली साखर लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे पिशवी आणि आसपासचा भाग झगझगीत उजळतो आणि त्यात आजार झाकला जातो. लॅसिक्सचं (लघवी वाढवणारं) इंजेक्शन देऊन, लघवी करायला लावून उशिरा परत फोटो घेतले तर बरंच मिटतं. करायला गेलात तर हे आधी विचारा. ओटीपोटाचा एमआरआय मात्र मी नक्की करून घेईन. स्नायूत किती शिरलंय, बाहेरच्या चरबीत गेलंय का, गुदाशयाचा पदर जाड आहे का, हे त्यात सगळ्यात चांगलं कळतं.

तुमच्या वर्णनात उजव्या किडनीला सूज आहे. ती कुठल्या पातळीवर अडलीय ते रेडिओलॉजिस्टला पुन्हा पाहायला सांगा. तोंडाशी अडली असेल तर पिशवीतल्या आजारामुळे. वर अडली असेल तर आजार वाहिनीच्या बाजूने वर गेला असण्याची शक्यता आहे. जुन्या सीटीची सीडी पुरते, नवा काढायची गरज नाही.

गोदातीर (४ जून, सकाळी ८:१०)

ताई, घाबरू नका. आमच्या नात्यात एकांना पिशवीची गाठ होती. एका वैद्यांच्या काढ्याने वर्षभर चांगले होते. ऑपरेशन टाळता येतंय का बघा, पत्ता हवा तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

निमशिरगावकर (४ जून, सकाळी ९:००)

गोदातीर, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य, पण हा सल्ला इथे नको. मी युरोसर्जन आहे. ज्यांच्या एका किडनीवर आधीच ताण आहे त्यांना कशात काय आहे हे माहीत नसलेला काढा देणं धोक्याचं आहे. ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. त्याने किडनी निकामी होते, आणि मूत्रमार्गाच्या याच अस्तराचा कॅन्सर त्यामुळे होतो हे तैवानमध्ये आणि बाल्कन देशांत सिद्ध झालेलं आहे. शिवाय सिस्प्लॅटिन द्यायचं तर क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळण्याचं माप, साधारण ६० च्या वर लागतो. काढ्यात किडनी गेली तर सगळ्यात उपयोगी केमोचा दरवाजा बंद होतो.

कृष्णाकाठ, आता तुमच्या सर्जनबद्दल. स्नायूत शिरलेल्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये घाई करणं चूक नाही. तिथेही आता आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया हाच क्रम आहे, पण निदान ती शस्त्रक्रिया आजार काढून टाकते. प्लाझ्मासायटॉईडमध्ये माझा स्वतःचा अनुभव वेगळा आहे. पोट उघडल्यावर अस्तरावर दाणे दिसतात, किंवा मूत्रवाहिनीची कापलेली टोकं तपासायला पाठवली की तीही पॉझिटिव्ह येतात, वर अजून कापलं की तीही पॉझिटिव्ह. मग रुग्णाच्या वाट्याला मोठी जखम, पोटावरची पिशवी, महिनाभर केमो लांबलेली, आणि आजार तसाच.

म्हणून काही केंद्रांत या प्रकारात पिशवी काढण्याच्या निर्णयाआधी नुसती लॅप्रोस्कोपी करतात. छोट्या छिद्रातून कॅमेरा घालून अस्तर पाहायचं, संशय येईल तिथला तुकडा घ्यायचा, पोट धुऊन ते पाणी पेशींसाठी तपासायचं. एक-दोन दिवसांत घरी. तुमच्या सर्जनना हे विचारा. रागावणार नाहीत. रागावले तर दुसरं मत घ्यायला ते कारण पुरेसं आहे.

आणि तोवर सुजलेल्या किडनीचं पाहा. डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून घालायची नळी) बसत नसेल तर पाठीतून नळी, म्हणजे पीसीएन. ही किडनी वाचली तर केमोचे पर्याय वाचतात.

कृष्णाकाठचा_भाऊ (४ जून, रात्री १०:५०)

मी धाकटा. ताईने धागा दाखवला म्हणून खातं उघडलं. सगळ्यांचे आभार. मला घाई होती कारण आधीच पाच-सहा महिने गोळ्यांत गेले होते. डॉक्टर, एक विचारायचं होतं. ते सीडीएच १ जनुकाचं वाचलं. नेटवर पाहिलं तर ते आनुवंशिक जठराच्या कॅन्सरशी जोडलेलं आहे. मग आम्हा भावंडांना, मुलांना धोका आहे का?

स्लाईडखाली (५ जून, सकाळी ६:५०)

प्रश्न बरोबर आहे. जन्मतः सीडीएच १ बिघडलेलं असलं तर जठराचा पसरट कॅन्सर आणि स्तनाचा लोब्युलर कॅन्सर घराण्यात फिरतो. पण मूत्राशयाच्या प्लाझ्मासायटॉईडमध्ये हा बिघाड गाठीच्या पेशींत, आयुष्यात नंतर झालेला असतो. २०१६ च्या त्या अभ्यासाचा मुख्य मुद्दाही तोच होता. त्यामुळे केवळ बाबांच्या या निदानावरून तुम्ही काळजी करायचं कारण नाही. घरात कमी वयात जठराचा किंवा लोब्युलर स्तनाचा कॅन्सर कोणाला झाला असेल तर मात्र जेनेटिक समुपदेशकाला भेटा.

रंगखात्याचा प्रश्न वेगळा. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच मांडलं होतं. पुढे त्यामागे ॲरोमॅटिक अमाइन्स आहेत हे कळलं. विडी-सिगारेटच्या धुरातही तीच असतात. बाबांबरोबर काम केलेल्या कोणाला लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि थांबलं तरी, त्यांना सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी करायला सांगा. हे तुम्ही दोघं करू शकता.

रानवारा (५ जून, दुपारी १२:४०)

मुंबईला जाणार असाल तर: महालक्ष्मी एक्सप्रेसने दादरला उतरा, परळ तिथून जवळ. टाटाची नोंदणी आधी ऑनलाईन करून ठेवा. ब्लॉक, स्लाईड्स, सीटीची सीडी, दोन्ही रिपोर्ट, बोन मॅरोचा रिपोर्ट, सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी हातात, सीटखाली नाही. राहायला दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. तिथे कॅन्सरच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते, रुग्णालयाचं पत्र लागतं.

पैशांचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि नेहमीची केमो बसते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. बिल झाल्यावर भेटून उपयोग नाही.

कृष्णाकाठ (२१ जून, रात्री ११:५५)

उशिरा लिहितेय, माफ करा. आठवडाभर मुंबईतच होतो.

ब्लॉक परत वाचला गेला. प्लाझ्मासायटॉईड नक्की. ई-कॅढेरिन गेलेलं. एंडोस्कोपीत जठर चांगलं आहे. एमआरआयमध्ये आजार पिशवीच्या बाहेरच्या चरबीत गेलेला आणि गुदाशयाच्या पुढचा पदर थोडा जाड. क्षकिरण म्हणाले तसंच विचारलं होतं. किडनीची अडचण तोंडाशी नाही, चार-पाच सेंटिमीटर वर आहे. स्टेंट गेला नाही, पाठीतून नळी टाकली. क्रिएटिनिन उतरायला लागलंय.

मग लॅप्रोस्कोपी झाली. सर्जनबाईंनी बाहेर येऊन मोबाईलवर फोटो दाखवला. गुलाबी चकचकीत अस्तरावर राजगिऱ्याएवढे पांढरे ठिपके, उजव्या कुशीत आणि खाली पिशवीच्या मागे. सीटीत यातलं काहीही नव्हतं. चार ठिकाणचे तुकडे घेतले, चारही पॉझिटिव्ह.

म्हणजे चौथी पायरी. पिशवी काढायची नाही असं ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत, ठरलं. भाऊ त्या फोटोनंतर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, गेल्या आठवड्यात उघडलं असतं तर आत्ता बाबा आयसीयूत असते.

बाबांना सगळं सांगितलंय. त्यांनीच विचारलं, लपवलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता: गणपतीला घरी असेन ना?

आता औषधाचे दोन रस्ते सांगितलेत. एक जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन, आणि चांगला प्रतिसाद आला तर पुढे इम्युनोथेरपी. दुसरा एनफोर्टुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब, खर्च लाखांच्या घरात. कोणी घेतलंय का?

उत्तरा_न्यूजर्सी (२२ जून, सकाळी ५:३०)

मी इथे ऑन्कॉलॉजी नर्स आहे, दुसरं कॉम्बिनेशन आम्ही रोज देतो. पसरलेल्या युरोथेलियल कॅन्सरसाठी सध्या इथे पहिली पसंती तीच आहे. ८८६ रुग्णांच्या चाचणीत केमो घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान १६.१ महिने आलं, या जोडीवर ३१.५ महिने. हे आकडे २०२३ मध्ये जाहीर झाले. पण हे सगळ्या युरोथेलियल कॅन्सरचे मिळून आहेत. त्यावरून प्लाझ्मासायटॉईडचा हिशेब मांडू नका. आमच्याकडच्या अशा रुग्णांत काहींना चांगला गुण आला, काहींना नाही.

बाबांना मधुमेह आहे का? एनफोर्टुमॅबने साखर अचानक खूप चढू शकते. अंगावर पुरळ येतं, क्वचित फार गंभीर होतं, आणि बोटं-तळवे बधिर होतात. शर्टाची बटणं लावता येत नाहीत असं रुग्ण म्हणायला लागले की आम्ही डोस कमी करतो. केमोचा रस्ता घेतलात तरी मन खाऊ देऊ नका. हा प्रकार केमोला प्रतिसाद देतो. अडचण ही की तो लवकर उलटतो, म्हणून दोन-तीन सायकलनंतर नीट तपासणी हवी.

निमशिरगावकर (२२ जून, सकाळी ९:३०)

उत्तराताईंशी सहमत. एक भर घालतो: तपासणी नुसत्या सीटीवर सोडू नका, कारण तुमच्याकडे आजार सीटीत दिसलाच नव्हता. केमोआधी सीए १२५ आणि सीईए हे कॅन्सरचे दोन मार्कर रक्तातून करून ठेवा. या प्रकारात ते काही जणांत वाढलेले असतात, आणि वाढलेले असतील तर पुढे अंदाज घ्यायला उपयोगी पडतात. पोट फुगणं, भूक मरणं, शौचाची धार बारीक होणं यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. आणि पोटदुखीसाठी, झोपेसाठी पॅलिएटिव्ह विभागाला आत्तापासूनच भेटा. तो विभाग फक्त शेवटच्या दिवसांचा असतो हा समज सोडा.

कृष्णाकाठ (१९ जुलै, रात्री ९:१५)

केमो सुरू झाली, जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन. क्लिअरन्स ६० च्या थोडा वर आला म्हणून देता आली. सीए १२५ सुरुवातीला २४० होता, दोन सायकलनंतर ११०. उलट्या पहिल्या वेळी फार झाल्या. दुसऱ्या वेळी आधीच गोळी बदलून दिली तर बऱ्याच कमी. केमो आता मिरजेतच घेतोय, मुंबईचे डॉक्टर फोनवर बघतात. योजनेत बसली.

बाबांच्या जुन्या खात्यातले दोघं तपासून आले. एकांचं सगळं चांगलं आहे. दुसऱ्या काकांच्या पिशवीत छोटी गाठ निघाली, वरवरची, खरवडून काढली. रिपोर्टमध्ये 'स्नायू आढळला नाही' असं लिहिलंय. हे ठीक आहे का?

स्लाईडखाली (२० जुलै, सकाळी ७:००)

त्या काकांचा ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) काय लिहिलाय ते कळवा. हायग्रेड असेल आणि तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर आजार खोल गेला आहे की नाही हे त्या रिपोर्टवरून ठरत नाही. अशा वेळी दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडून तळाचा स्नायू पाठवतात. लोग्रेड आणि वरवरचा असेल तर सहसा गरज नसते. त्यांनाही ब्लॉक जपून ठेवायला सांगा.

सीए १२५ उतरतोय हे चांगलं आहे. तिसऱ्या सायकलनंतरचा एमआरआय झाला की इथे लिहा.